जेवणानंतर एक

अक्कलदाढ काढल्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, धम्मपाल कामावर आला, तो गालाचा भोपळा घेऊनच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तिसऱ्या दिवशी सूज जास्त असते, घाबरायचं नाही. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या आणि जेवणानंतर एक गोळी. रजा घेणं शक्यच नव्हतं. शुक्रवारी क्रेन चालवायची ट्रायल होती. जागा एक, आणि दुसरा उमेदवार कल्याण. त्या माणसाचं तोंड दिसलं की धम्मपालचं डोकं फिरायचं.

जालना एमआयडीसीतल्या त्या रोलिंग मिलच्या शेडमागे दोघं समोरासमोर जेवायला बसले. धम्मपालने कशीबशी खिचडी गिळली, गोळी घेतली. पाण्याचा घोट उतरायच्या आत ठणका थांबला. त्याच क्षणी कल्याणने भाकरी टाकून उजवा गाल धरला.

"काय झालं?"

"सुरी खुपसल्यावानी झालं एकदम."

बुधवारीही तेच. गुरुवारी कल्याणचा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता, धम्मपालचा सपाट.

"एक्सरे काढून आल्तो," कल्याण म्हणाला. "डाक्टर म्हणतो तिथं दाढच न्हाई. कधी उगवलीच न्हाई." मग त्याने धम्मपालच्या सपाट गालाकडे पाहिलं. "तू कोनती गोळी खाऊन राह्यला रे?"

"साधीच हाय." धम्मपालने पाकीट मुठीत दाबलं. खरं सांगायचं तर इतकं बरं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी एकच गोळी उरली होती. दुखत बिलकुल नव्हतं. तरी क्रेनवर चढण्याआधी त्याने ती कल्याणच्या डोळ्यांदेखत गिळली आणि रिकामं पाकीट त्याच्या पायाशी फेकलं. कल्याण कळवळून खाली बसला. मग त्याने पाकीट उचललं, त्यावरचं नाव वाचलं आणि गेटबाहेरच्या मेडिकलकडे चालू लागला.

जाऊ दे, धम्मपाल मनाशी म्हणाला.

दोन टन सळ्यांचा भारा त्याने अलगद उचलला आणि शेडच्या मध्यावर आणला. खाली पाळीवरची सगळी माणसं माना वर करून उभी होती.

कल्याण परत आला. आत न येता दारातच थांबला.

त्याने वर पाहिलं. गोळी जिभेवर ठेवली, बाटली तोंडाला लावली.

धम्मपालच्या तोंडात रक्ताची चव आली. लीव्हर सोडून त्याने गाल धरला. खाली माणसांच्या डोक्यावर भारा झुलला.

दारातल्या कल्याणचा गाल सपाट झाला होता. तो सावकाश दुसरी गोळी काढत होता.