दक्षिणेची भिंत सरकतेय!

पाऊस पोचायच्या आत कोठार गाठायचं, एवढंच काम होतं. दरीपलीकडच्या कड्यावर शेकडो वर्षांपूर्वी उभारलेलं ते चार मजली धान्यकोठार निव्वळ मातीचं होतं. दगड नाही, चुना नाही, नुसती माती आणि पेंढा! अशा इमारतीला भूकंपाइतकीच पावसाचीही धास्ती. त्यात या वेळचा पाऊस साधासुधा नव्हता. वर्षभराचं पाणी एका दुपारी कोसळणार, असा निरोप पुरातन वास्तूंच्या खात्याकडून आला होता.

निघाली होती तिघंच. पुढे थोरली, कोठाराची डागडुजी कित्येक वर्षं तिच्याकडेच होती. मधे तिचा नवरा, पेशाने नळजोडणी करणारा, पाठीवर ताडपत्रीचं भलंमोठं ओझं घेऊन. मागे थोरलीची धाकटी बहीण. ती उपग्रहांची मोजमापं वाचायची. ढगांच्या आरपार बघणारं उपग्रहावरचं रडार भिंत जराशी सरकली तरी टिपतं, आणि कोठाराची दक्षिणेची भिंत बाहेर झुकतेय हे धाकटीनेच खात्याला कळवलं होतं. वर्तमानपत्रात फोटो छापून आला तोही धाकटीचा. कोठाराच्या फोटोहून मोठा!

तेव्हापासून थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. उन्हातान्हात लिंपायचं मी, आणि गारेगार खोलीत बसून माझ्याच भिंती मला शिकवणार ही?

"पण हुशार आहे हं तुझी बहीण," नवरा सहज बोलून गेला.

"मग तिच्याच घरचे नळ जोडा यापुढे!"

"भावोजी, माझ्याकडे पगार बरा मिळेल," मागून धाकटी म्हणाली. नवरा हसला. थोरली हसली नाही.

जीप दरीच्या तोंडाशी सोडून तिघं नदीच्या कोरड्या पात्रात उतरली. दोन्ही बाजूंना तांबड्या कातळाच्या भिंती, पायाखाली गुळगुळीत गोटे, वर आभाळाची चिंचोळी पट्टी आणि वाराही नाही. निम्मं पात्र ओलांडलं असेल नसेल, तोच धाकटी थबकली. पात्राच्या वरच्या अंगाने घरघर ऐकू येत होती.

"पाणी!" नवरा ओरडला. "पळा!"

वर कुठेतरी पाऊस आधीच कोसळला होता. गढूळ लोंढा वळणावरून धडाडत आला. थोरली पलीकडच्या कपारीवर चढली. नवऱ्याने ओझं वर फेकलं आणि मागोमाग उडी घेतली. धाकटीचा पाय गोट्यावरून सटकला. ती कंबरभर पाण्यात गेली!

"ताई!"

थोरलीने तिचं मनगट पकडलं. सगळं बळ लावून ओढलं. धाकटी थरथरत तिच्या अंगावर येऊन पडली, आणि थोरलीला एकदम बरं वाटलं. जीव वाचला म्हणून वाटलंच, पण इथे उपग्रह नाही, मी लागले, म्हणूनही वाटलं. त्या दुसऱ्या आनंदाची तिला लाज वाटली, तरी तो गेला नाही.

कड्याची अरुंद वाट चढून कोठाराशी पोचेपर्यंत आभाळ काळंकुट्ट झालं होतं. ताडपत्री एकच होती.

"दक्षिणेकडे घालू, ताई. पाऊस थांबल्यावर कितीतरी दिवस धाब्याच्या सपाट छताचा तो भाग रडारवर ओला दिसतो. तिथे पाणी साचतंय."

"माझ्या धाब्यावर थेंब साचत नाही! पाऊस उत्तरेकडून झोडपतो, लहान पोरही सांगेल. उत्तरेलाच घालायची."

ताडपत्री उत्तरेला बांधली. गाठी आवळतात न आवळतात तोच पाऊस कोसळला! तिघं आत शिरली. थोडा वेळ नुसता दणदणाट. मग दक्षिणेच्या भिंतीतून कट् असा आवाज आला आणि वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ उमटली.

थोरली जिन्याने धावत छतावर गेली, मागोमाग दोघं. धाब्याच्या दक्षिणेला गुडघाभर तळं भरलं होतं!

कारण तिच्याच हाताचं होतं. दर वर्षी ती धाब्यावर ताज्या मातीचा थर द्यायची. जुना थर आधी खरवडावा लागतो, पण इतका सुरेख घोटलेला थर खरवडवत नसे. उत्तरेच्या पन्हळी ती जपायची, कारण पाऊस तिकडून येतो. दक्षिणेला तिने नक्षीचा उंच काठ घडवला होता. लोक तो बघायला यायचे. थरावर थर चढत गेले आणि त्या देखण्या काठामागे पन्हळींची तोंडं बुजून गेली. वजन आणि पाणी, दोन्ही भिंतीच्या डोक्यावर!

धाकटीने छतावर पडलेली डागडुजीची कुदळ उचलली.

"हात लावायचा नाही!" थोरली किंचाळली.

"ताई, भिंत जाईल! आपणही जाऊ!"

थोरलीने कुदळ हिसकावली. क्षणभर काठाकडे पाहिलं. आणि स्वतःच घाव घातला. एक! दुसरा! नक्षीचं ढेकूळ निखळलं. नवऱ्याने बुजलेल्या पन्हळीत हात घालून चिखल उपसला. तळं गर्जत बाहेर झेपावलं आणि भिंतीपासून लांब, थेट दरीत कोसळलं. थोरली घाव घालत राहिली. पावसात रडणं दिसत नाही, म्हणून ती मनसोक्त रडली.

पाऊस थांबला तेव्हा भिंत उभी होती. रेघ होती, पण रुंदावली नव्हती. काठाची फक्त ढेकळं उरली होती.

"छाप आता तुझा फोटो," थोरली म्हणाली. "जिंकलीस."

"काय जिंकले?" धाकटीचा आवाज चिरकला. "सगळी दुनिया तुझा काठ बघून गेली. मला कधी आणलंस इथे? एकदा तरी? मी जळायचे तुझ्यावर, ताई. म्हणून रोज वरून बघत बसायचे. तिथून तरी कुणी मला हाकलत नव्हतं."

थोरलीने बहिणीच्या भिजलेल्या बुटांकडे पाहिलं.

"काढ ते," ती म्हणाली. "आधी जुना थर खरवडायचा. मग भेगेसाठी माती तुडवायची. टाच आधी टेकायची, नाहीतर पाय मुरगळेल."

धाकटी नाडी सोडू लागली. ओली गाठ सुटेना, तेव्हा थोरली खाली वाकली आणि तिने ती सोडवली.