शेजाऱ्याच्या नावाचा रोग

"एकच रोग. इटलीत त्याचं नाव 'फ्रेंच रोग'. फ्रान्समध्ये 'नेपल्सचा रोग'. रशियात 'पोलंडचा रोग'. आपल्या जुन्या वैद्यांच्या ग्रंथात 'फिरंग रोग'. सांग शालू, असं का?"

मंगळवसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टर आबा नातीला कोडं घालत होते. शाल्मलीनं बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. आत कोपरावर तांबडे ठिपके उठले होते.

तसेच ठिपके आधी चंद्रावरून आलेल्या यामिनीला उठले, तेव्हा भोंडल्याच्या फेरात शाल्मलीनंच गाणं रचलं होतं:

चंद्राची पाहुणी आली गं बाई,
चांद्रखरूज ल्याली गं बाई!

यामिनी फेर सोडून गेली, ती खोलीत कोंडूनच बसली. आता आपले ठिपके कोणत्या तोंडानं दाखवायचे?

"नेपल्स इटलीतच ना?" शाल्मली पुटपुटली. "म्हणजे ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या माथी मारला!"

"शाबास! आणि खरा चोर कोण? मळसूत्रासारखा एक जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव). त्या रोगाला म्हणतात उपदंश. तो मोठ्या माणसांच्या शरीरसंबंधातून पसरतो, आजारी आईकडून पोटातल्या बाळालाही होतो. त्यामुळं लोकांना लाज वाटायची. ते लपवायचे, आणि रोगाचं फावायचं. नवऱ्याकडून रोग लागलेल्या बाईलाच लोक नावं ठेवायचे."

"औषध नव्हतं?"

"कितीतरी काळ अंगाला पारा चोळायचे. पारा म्हणजे विष गं! मग पेनिसिलिन हे प्रतिजैविक (जिवाणूंना मारणारं औषध) आलं. रोग बरा व्हायला लागला, पण लाजेवर कुठलं इंजेक्शन?"

"आणि आपल्याकडची... ती खरूज?"

"खरूज कसली! बुरशी आहे, इथल्याच पाण्याच्या टाकीतली. चंद्राचा काडीचा संबंध नाही. साधं मलम पुरे. पण टाकी कोणती, ते शोधायला मला ठिपकेवाले हवेत, आणि त्या गाण्याच्या धाकानं एकजण हात दाखवेल तर शपथ!"

शाल्मलीनं ओठ चावला. मग बाही वर सारली.

"आबा, हे बघा. आणि गाणं माझं होतं."

"ठाऊक आहे. इतकं नेटकं यमक वसाहतीत दुसऱ्या कुणाला जुळतं?"

मलमाची डबी घेऊन ती थेट यामिनीच्या दाराशी गेली. दार किलकिलं झालं.

"तुला कसं झालं?" तिचं कोपर बघून यामिनी म्हणाली. "तू तर चंद्रावर कधी गेली नाहीस."

"इथलंच आहे हे बेणं. तुझ्यावर उगाच आळ घेतला मी. चुकलं माझं."

यामिनीनं दार पुरतं उघडलं. मग तिनं डबी हातात घेतली.

"बाकीच्या पोरी अजून लपवत असतील ना?"

"असतीलच."

"मग चल," पायांत चपला सरकवत यामिनी म्हणाली, "आधी त्यांच्याकडे जाऊ."