न मोजला जाणारा प्रश्न

या, जरा पुढे सरकून बसा. दारात उभं राहून ऐकण्याजोगी ही गोष्ट नाही. भुताखेतांची म्हणावी तर तशी नाही, आणि नाही म्हणायला गेलं की माझीच जीभ अडखळते. दोन सख्ख्या बहिणींची गोष्ट आहे, आणि एका परीक्षेची. ऐकून झालं की शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं मात्र नाकारू नका.

थोरली मोठ्या इस्पितळात सातव्या वॉर्डात मदतनीस होती. अंथरुणं बदलावीत, भांडी उचलावीत, आणि नव्या नर्सला शीर सापडेना की मागून येऊन हळूच बोटानं दाखवावी, अशी तिची नोकरी. नर्सचं शिक्षण पुरं झालेलं, हातही नर्सचेच, फक्त परवान्याच्या परीक्षेला ती कधी बसली नव्हती. वॉर्डप्रमुख बाईंनी एका सकाळी तिला बोलावून सांगितलं, की नवा नियम आलाय, महिनाअखेरपर्यंत परवाना नसेल तर वॉर्डात ठेवता येणार नाही. बाई वाईट नव्हत्या. सांगताना त्यांनी मान खाली घातली होती.

इतकी वर्षं का बसली नाही, विचाराल. वडिलांमुळे. वडील शिंपी. छातीचा जुना आजार, अखेरीला घरीच ऑक्सिजन लावलेला. अशा माणसाला ऑक्सिजन थोडाच द्यायचा असतो, मिनिटाला दोन लिटर. जास्त दिला तर चेहऱ्यावर गुलाबी टवटवी येते, माणूस शांत झोपतो, आणि श्वास हळूहळू घ्यायचाच विसरतो. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ते तसेच गेले. आई तेव्हा मामांकडे होती. सकाळी दहाला नवा सिलिंडर जोडून, एका खांद्यावर पिशवी सावरत, थोरली कामावर गेली. चारला परत आली तेव्हा किती लिटर जातोय ते दाखवणारी नळीतली गोळी आठवर होती.

संध्याकाळी आईदेखत धाकटी एवढंच म्हणाली होती, "ताई, सकाळी किती ठेवला होतास गं?"

बस. आरोप नाही, शब्द चढा नाही. पण थोरलीला स्वतःचाच हात आठवेना. घाईत कळ कुठल्या बाजूला फिरली? त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलायची ती मोजूनमापून, आणि थोरलीनं परवान्याची पुस्तकं माळ्यावर टाकली. जिनं बापाचा ऑक्सिजन चुकवला तिनं लोकांच्या बापांना काय हात लावायचा? धाकटी मात्र महिन्याभरात परीक्षेला बसली आणि पहिल्या दमात पास झाली.

आता नोकरीच जायची वेळ आली तेव्हा धाकटीच पुढे झाली. रोज कामावरून आली की शिकवायला बसे. पहिल्याच दिवशी पाठांतर ऐकून म्हणाली, "ताई, हे मशीन आहे, शाळेतले गुरुजी नाहीत. पाठ म्हणून दाखवलंस तरी पेढा देणार नाही." थोरली कितीतरी महिन्यांनी हसली.

मशीनची रीतही धाकटीनं छान उलगडून सांगितली. ही परीक्षा सगळ्यांना सारखी नसते. बरोबर उत्तर दिलंस की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलीस की सोपा. जिना चढता-उतरता तुझी पायरी कुठली हे मशीन शोधत असतं. कमीत कमी पंचाहत्तर प्रश्न, पुढे त्याची खात्री पटेल तिथं ते आपणहून थांबतं. मागे जाता येत नाही, प्रश्न सोडता येत नाही. म्हणून पहिले प्रश्न सावकाश सोडव, अवघड आला तर घाबरू नको, उलट देवाचे आभार मान, चढते आहेस म्हणून.

आदल्या संध्याकाळी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. "मधेमधे नमुन्याचे प्रश्न असतात, ते मोजत नाहीत. घरगुती वाटतात, आपल्याच ओळखीचे वाटतात. तसा आला तर डोकं चालवायचं नाही. कुठलंही चुकीचं उत्तर दे आणि पुढे चल."

चुकीचंच का, असं थोरलीनं विचारलं. धाकटी कपडे घड्या घालत होती. म्हणाली, त्यानं वेळ वाचतो.

परीक्षेची खोली थंड होती. भिंतींना करडं कापड, दोन टेबलांमध्ये आडोसा, कानांवर आवाज रोखणारे जाड गोळे. निरीक्षकानं बाह्या वर करायला लावून मनगटं तपासली, खिसे उलटे करायला लावले आणि तिला अकराव्या टेबलावर बसवलं. थोरलीनं डोळे मिटून नाव घेतलं आणि सुरुवात केली.

छान चाललं होतं. जिना चढत होती. एकोणिसावा प्रश्न आला तो असा: वय चौसष्ट, व्यवसाय शिंपी, छातीचा जुना आजार, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला रुग्ण. ऑक्सिजन किती लावाल?

उत्तर तिच्या बोटांत होतं. पण हाच तो नमुन्याचा, तिला वाटलं. दोनवर बोट न ठेवता तिनं आठवर ठेवलं.

पुढचा प्रश्न: हात किती वेळ धुवावेत?

पुन्हा कष्टानं चढली. चौतिसाव्याला शिंपी परत आला. आता खुर्चीच्या हातावर निळी शाल होती आणि रुग्णाला दोन मुली होत्या. शाल निळीच होती, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. चौसष्ट वर्षांचे शिंपी जगात पुष्कळ असतील, निळ्या शालीही असतील, असं तिनं मनाला बजावलं आणि ठरल्याप्रमाणे चुकीचं उत्तर दिलं.

पुढचा प्रश्न: थर्मामीटर वापरण्याआधी काय करावे?

इथं तिचा हात थांबला. थोरली भोळी होती, पण वॉर्डात मुरलेली बाई. जो प्रश्न मोजतच नाहीत, तो चुकल्यावर पुढचा सोपा का यावा? एकदा योगायोग म्हणू. दोनदा? हे प्रश्न मोजले जात होते. शिंप्यापाशी चुकली की मशीन तिला जिन्यावरून ढकलून देत होतं. असं आणखी दोनदा झालं तर परवाना गेला, वॉर्ड गेला.

मग धाकटीनं असं का सांगितलं?

कानांवर गोळे होते, त्यामुळे तिला स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला. तिनं ठरवलं, आता जे बरोबर तेच द्यायचं.

साठाव्या प्रश्नाला शिंपी पुन्हा आला. मोठी मुलगी दहाला घरातून निघते. गोळी कितीवर आहे? तिनं उत्तर दिलं, दोन. बरोबर असावं, कारण पुढचा अवघड होता, आणि पुढचाही त्याच घरातला होता. धाकटी मुलगी किती वाजता घरी येते? एक. ती कशाचा अभ्यास करते आहे? चार पर्याय होते. चौथा होता, हीच परीक्षा. थोरलीनं चौथा निवडला.

पंचाहत्तरावा हिशेबाचा होता.

सिलिंडरमध्ये पंधराशे लिटर. दहा वाजता गोळी दोनवर. दुपारी चारला गोळी आठवर आणि सिलिंडरमध्ये साठ लिटर शिल्लक. गोळी आठवर किती वाजता नेली?

साठ लिटर. त्या दिवशी सिलिंडरचा काटा कुणी पाहिलाच नव्हता. ना तिनं, ना आईनं. रडारडीत कोण पाहतं?

तिनं पेन उचललं. दोनच्या हिशेबानं सहा तासांत सातशे वीस लिटर जातात. गेले होते चौदाशे चाळीस. म्हणजे सातशे वीस जास्तीचे. आठातून दोन गेले, उरले सहा. सातशे वीस भागिले सहा, एकशे वीस मिनिटं.

दोन वाजता.

सकाळपासून गोळी आठवर असती तर सिलिंडर एकच्या सुमारासच रिकामा झाला असता. दोन वाजता ती सातव्या वॉर्डात होती. घरात एकटी धाकटी होती.

पर्यायांत 'सकाळी दहा' होतं. सर्वांत वर. तेवढं निवडलं असतं तर बहीण राहिली असती. परवाना गेला असता.

तिनं 'दुपारी दोन' निवडलं.

पडदा काळा झाला. मशीनची खात्री पटली होती.

घरी पोचली तेव्हा चारला थोडी मिनिटं कमी होती. आई शेजारी गेली होती. धाकटी स्वयंपाकघरात उभी होती. तिनं थोरलीचा चेहरा पाहिला आणि ओट्याचा काठ धरला.

"हिशेबाचा आला ना? मलाही आला होता," ती म्हणाली.

"आला."

"मी सांगितलं होतं चुकीचं दे म्हणून."

थोरलीनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. बाबा सारखे धापा टाकत होते, सारखी हाक मारत होते, आणि तिचे सराव प्रश्न राहिले होते. दोन वाजता तिनं गोळी वर नेली. ते लगेच शांत झाले, गालांवर रंग आला. तिला बरं वाटलं. तिनं एका बैठकीत साठ प्रश्न सोडवले.

"तीन वर्षं आई माझ्याशी धड बोलली नाही," थोरली म्हणाली. "पाठच्या बहिणीनं केसानं गळा कापावा? आणि आज परवानाही जाऊ देणार होतीस?"

 धाकटी कान देऊन काहीतरी ऐकत होती. मग थोरलीलाही ऐकू आलं. आतल्या खोलीतून एकसारखा सूं असा आवाज येत होता. सिलिंडर तर तीन वर्षांपूर्वीच दुकानदार उचलून घेऊन गेला होता.

धाकटी आत गेली. आवाज मंद झाला. हात पुसत ती बाहेर आली.

"मी दोनवरच ठेवते, ताई," ती म्हणाली. "रोज. तरी चार वाजता आठवर असतो."

थोरलीनं आत डोकावलं. खिडकी होती, रिकामी खुर्ची होती. बाकी काही नव्हतं.

दोन दिवसांनी निकाल आला, पास. थोरली इस्पितळाच्या वसतिगृहात राहायला गेली. आईला तिनं सांगितलं नाही, आणि धाकटीला माफही केलं नाही. ते तिचं तिनं ठरवायचं, आपण मधे बोलू नये. माझं मागणं वेगळं आहे. दुपारी चारला जिथं असाल तिथं क्षणभर थांबा आणि देवापाशी धाकटीची आठवण काढा. नाव नाही घेतलंत तरी चालेल. त्या वेळी ती कळ धरून उभी असते.