काळ्या मुठीची सुरी

आमच्याकडं एखादीला चेटकीण म्हटलं, तर भांडण पोलीस पाटलापर्यंत जातं. पाचगणीच्या ऑड्री मॅडम मात्र आपण होऊन सांगायच्या, "शेटजी, मी विच आहे," आणि वर बिस्किटांची बशी पुढं करायच्या. बाई विलायतेची, पन्नाशीची, स्वभावानं लाख. महिन्याला मी वाईच्या माझ्या दुकानातून एस.टी.नं त्यांचं सामान न्यायचो. खडेमीठ, मेणबत्त्या, ऊद.

मी चौथी पास. पण दिसेल त्या जिनसेचं नाव विचारायची खोड जन्माची. धंदा त्यावरच शिकलो. मॅडमच्या टेबलावरच्या वस्तूही अशाच विचारून घेतल्या. पांढऱ्या मुठीची सुरी ती बोलीन, झाडपाला तोडायला. पेला तो चॅलिस. चांदणी कोरलेली तबकडी ती पेंटॅकल. तेरा जणांच्या मंडळीला कव्हन म्हणायचं. आणि काळ्या मुठीची, दुधारी, ती अथामे.

"ही काय कापते?" मी विचारलं.

"काही नाही. फक्त हवा. हिनं रिंगण आखायचं, रिंगणाला दार पाडायचं, आणि आठवणीनं दार लावायचं."

मनात म्हटलं, काहीच न कापणारी सुरी बाजारात कोण घेईल?

चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी. मी सामान घेऊन चढलो, तर मॅडम पुण्याला गेलेल्या. बंगल्याचा राखणदार आकाराम, पलटणीतून पेन्शनीत आलेला. त्यानं ओसरीवर शस्त्रपूजा मांडली होती. कोयता, खुरपं, कुऱ्हाड, आणि रांगेत मॅडमच्या दोन्ही सुऱ्या. धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून. बोकडाऐवजी कोहळा, हिरव्या सालीवर पिठासारखी पांढरी भुकटी असलेला.

"आकाराम, ती काळी राहू दे रं. ती कापायची न्हवं."

"आवं शेट, हत्यार हाय का दागिना? आजच्या दिशी चाललं न्हाई, तर हत्याराचा अपमान हुतो. आमच्या पलटणीला इचारा."

त्या सुरीला धार नव्हती. मी बोट फिरवून पाहिलं होतं. तरी कोहळ्यात ती लोण्यात जावी तशी गेली. आवाज झाला नाही. नुसता वास आला... आजारी माणसाचं तोंड सकाळी उघडल्यावर येतो तसला, कोमट. आकारामनं नाक मुरडलं.

बळीचा कोहळा खात नाहीत. मला ठाऊक होतं. पण आतला गर एवढा पांढरा, घट्ट! "अर्धा तुझ्या देवाचा, अर्धा माझा," असं म्हणून मी पिशवीत टाकला. पसरणीचा घाट उतरेस्तोवर पिशवी मांडीला ऊबदार लागत होती. उन्हानं, म्हटलं.

माझी बायको भामा सुगरण. चुन्याच्या निवळीत फोडी भिजवून, पाकात शिजवून तिनं रातोरात पेठा केला. मला साखरेचा विकार, म्हणून मी शिवलो नाही. तिनं चार फोडी खाल्ल्या.

चौथ्या दिवसापासून भामा दिवेलागणीला दारात उभी राहायला लागली. तोंड घाटाकडं, हात पोटावर. जेवण सुटलं. बोलायला तोंड उघडलं की ओठांमध्ये लाळेची तार धरायची. घट्ट, पारदर्शक, बोटानं तोडावी लागायची. आणि तोच कोमट वास. डॉक्टर म्हणाले, पित्त. आठव्या दिवशी ती घाटाच्या पहिल्या वळणावर सापडली. अनवाणी, टाचा फुटलेल्या.

"कुठं निघालीस गं?"

"वर... मी अर्धीच हाय हितं. आवं, मला जोडायला न्या."

पायांत वहाणासुद्धा न घालता चालत राहिली असती ती, कड्यावरून खाली जाईस्तोवर. मी तिला तशीच पाचगणीच्या पहिल्या गाडीत घातलं.

मॅडमनी आकारामकडून सगळं ऐकलेलं होतं. चेहरा मेणासारखा. आकारामच्या देवघरातला अर्धा कोहळा त्यांनी फरशीवर आणून ठेवला होता. नऊ दिवस झाले, पण वाळला नव्हता. कापल्या जागेवर दुधाच्या सायीसारखी ओली कातडी आली होती. भामा उंबऱ्यात आली, आणि ती साय मधोमध आवळली. तान्ह्या पोराचे ओठ दूध शोधताना आवळतात तशी.

"दार पाडलं, पण लावलं नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसरा अर्धा आणा."

"तो... खाल्ला, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तसं कुणी आजवर माझ्याकडं बघितलेलं नाही, कर्जबुडव्यानंसुद्धा.

भर दुपारी, पडदे उघडे ठेवून, त्यांनी मिठाचं रिंगण घातलं. आत भामा आणि तो कोहळा. चार दिशांना काहीतरी म्हणून काळी सुरी हवेत खालून वर ओढली. भामा ओणवी झाली. एकेक करून चार फोडी पडल्या. शिजलेल्या नव्हेत, चावलेल्याही नव्हेत. कच्च्या, करकरीत, आताच चिरल्यासारख्या, शेंबडात माखलेल्या. आणि त्या सरकल्या. फरशीवर ओला माग ठेवत कोहळ्यापाशी गेल्या आणि चिकटल्या. चुरचुर आवाज झाला. आकाराम बाहेर जाऊन ओकला. लढाई पाहिलेला गडी.

भामानं पाणी मागितलं. माझं नाव घेऊन मागितलं. मी रडलो, लाजायचं कशाला.

"बाकीचं?" मॅडमनी विचारलं. कोहळ्याला चारच फोडी जोडलेल्या, पुढं सगळं खिंडार, थबथबलेलं. "शेटजी, बाकीचं कुणी खाल्लं?"

सांगावंच लागलं. दसऱ्याला पेठ्याची परात मी दुकानात पुढ्यातच मांडली होती. सोनं द्यायला येईल त्याच्या तळहातावर एक फोड. ओळखीचे, बिनओळखीचे, बाजाराला आलेले, वाट चुकून पाणी मागायला थांबलेले. कुणाला नको म्हणालो नाही. गिऱ्हाईक गोड तोंडानं जावं, हे माझं ब्रीद.

मॅडम महिनाभर थांबल्या. मी आठवतील तेवढी माणसं वर नेली. सहा जण सुटले. मग मॅडमचा इथं राहायचा परवाना संपला, त्या गेल्या. सुरी सोबत नेली. कोहळा आकारामनं बंगल्यामागं खोल पुरला.

परवा संध्याकाळी मी वाईच्या स्टँडवर उभा होतो. पाचगणीच्या गाडीला रांग होती, पंधराएक माणसं. सगळी घाटाकडं तोंड करून, गप्प. शेवटी एक म्हातारी, कुठल्या गावची कोण जाणे. मला बघून तिनं तोंड भरून हसून ओठांवरची तार मनगटानं पुसली.

"शेट, वळख हाय का? तुमी दसऱ्याला गोड दिलं हुतं. परत कवा करनार?"

"मावशी, वर कुणाकडं निघालाय?"

"काय की बाई. जावंसं वाटतंय."

तिच्या दंडाला पीठ लागलं होतं, दळून आल्यासारखं. सवयीनं मी उपरण्याच्या टोकानं झटकलं. पांढरं निघून आलं. खाली कातडी हिरवीगार होती, गुळगुळीत, गार.

"आवं, नका," म्हातारी लाजून हसली. "गुदगुल्या हुत्यात."