बारा महिन्यांचे आकडे

“आमचे हे खोटं लिहिणारे नाहीत हो,” खुर्चीत बसण्याआधीच ती बाई म्हणाली. “उद्या सुनावणी आहे. तुरुंगात धाडतील त्यांना.”

गुप्तहेराने पाण्याचा पेला पुढे केला. त्याचे सोबती, एक निवृत्त मास्तर, वही उघडून बसले.

तिचा नवरा रंगद्रव्यांच्या कारखान्यात लेखनिक होता. धुराड्यातून दर महिन्याला किती विषारी वायू बाहेर पडतो, याचा वार्षिक अहवाल तोच सरकारकडे पाठवी. गेल्या आठवड्यात सरकारी पथकाने कुंपणाबाहेरून धूर मोजला. वायू अहवालाच्या तिप्पट निघाला. दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या रसायनतज्ज्ञाने बारा महिन्यांचे ‘मूळ’ तक्ते पुढे केले. त्यांतही आकडे तिप्पटच होते. म्हणजे लेखनिकाने ते उतरवताना कमी केले, असा आरोप आला.

“हे रसायनतज्ज्ञ कोण?”

“माझा दादा. सख्खा.” तिने मान खाली घातली. “त्यानंच ह्यांना तिथं चिकटवलं.”

लेखनिक घरीच भेटला.

“तक्ते पाहिले होते तुम्ही?”

“नाही. दादा फोनवर आकडे सांगायचे, मी टंकायचो.”

“कागद मागितला नाहीत?”

“ज्यांनी पोटाला लावलं, त्यांच्याकडे पुरावा मागायचा?”

कारखान्यात व्यवस्थापकांनी छाती फुगवली. “अहवालातल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात धुराडं खालपासून वरपर्यंत रंगवून घेतलं. पुन्हा ब्रश लावावा लागला नाही! आता माणूसच लबाड निघाला, त्याला मी काय करू?”

रसायनतज्ज्ञ शांत होता. “धुराड्याच्या अंगाला, वर, नमुना घ्यायचं एकच झाकण आहे. दर महिन्याला मी स्वतः चढतो, ते उघडून नळी आत घालतो. मोजायची दुसरी सोयच नाही.”

गुप्तहेराने मास्तरांना वर पाठवले. ते धापा टाकत उतरले.

“एकशे बारा पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी एकेकीची नोंद घेतलीये! झाकण काही हलेना. रंगकाम मात्र सुरेख. झाकणाच्या फटीवरूनही सलग, एक तडा नाही.”

गुप्तहेराने त्या बाईसह सर्वांना व्यवस्थापकांच्या खोलीत बोलावले.

“रंग त्या वर्षाच्या आरंभी लागला आणि फटीवर तो आजही अखंड आहे. म्हणजे वर्षभरात झाकण एकदाही उघडलेलं नाही.”

“मग मोजलं कसं?” मास्तरांनी विचारले.

“मोजलंच नाही. फोनवरचे आकडे मनाचे होते. आणि हे तक्ते? न मोजलेले आकडे पथकाच्या मोजणीशी जुळतात, कारण पथक येऊन गेल्यावरच ते लिहिले गेले. हाताखाली एक विश्वासू मेहुणा होता. दोष त्याच्यावर ढकलणं सोपं गेलं.”

“मला यातलं काही ठाऊक नव्हतं,” व्यवस्थापक घाईने म्हणाले. ते खोटे असले, तरी सिद्ध करता येण्याजोगे नव्हते.

रसायनतज्ज्ञ बहिणीकडे वळला. “खरे आकडे गेले असते, तर कारखान्याला टाळं लागलं असतं गं. तीनशे घरांच्या चुली विझल्या असत्या.”

“आमचं घर त्या तीनशेत धरलं नव्हतंस का, दादा?”



“उद्या हे मांडलं,” गुप्तहेर हलकेच म्हणाला, “तर तुमच्या यजमानांच्या जागी तुमचे दादा उभे राहतील.”

तिने मास्तरांची वही गुप्तहेराकडे सरकवली.

“वहिनीला मी सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही लिहायला घ्या.”