पेरूच्या बागेतली चौकशी

पुणतांब्याच्या फाट्यावरून मावशीच्या वस्तीकडे निघालेल्या संस्कृतीला पेरूच्या बागेत एक तरुण दिसला. मचाणावर उभा राहून तो तेलाचा रिकामा डबा बडवत होता आणि आभाळाला विचारत होता, "कालचं पचलं का? लाज हाय का काही?"

आभाळ गप्प राहिलं. संस्कृतीचं काळीज मात्र धडधडलं. प्रेमाने नव्हे. मानसशास्त्राच्या एम.ए.ला एका अॅबनॉर्मल माणसाच्या वागण्याचा अभ्यास करून द्यायचा होता, नाहीतर वर्ष जाणार होतं, आणि तिच्या ओळखीतली सगळी माणसं वैताग यावा इतकी नॉर्मल होती.

"कुणाशी बोलताय?" तिने खालून विचारलं.

"पोपटांशी. मान्सं ऐकत न्हाईत."

"पोपट ऐकतात?"

"ते बी न्हाईत. पन उलटून सल्ला देत न्हाईत." त्याने एक पाडाचा पेरू खाली टाकला. तिने तो नेमका झेलला.

त्याचं नाव कानिफनाथ. पुस्तकात अॅबनॉर्मल ठरवायच्या चार कसोट्या होत्या. वागणं चारचौघांपेक्षा वेगळं हवं, त्यातून त्रास हवा, रोजचं काम अडायला हवं, कुणाला धोका हवा. हा गडी वेगळा होता, पण त्रास फक्त पोपटांना. काम तर ओरडण्यावरच चाललं होतं. आणि धोका... हसताना त्याच्या गालाला खळी पडायची, पण पुस्तकात खळीचा उल्लेख नव्हता.

वैतागून तिने त्याच्या घरच्यांना, शेजारपाजारच्यांना गाठलं. झोप लागते का, राग येतो का, दारू पितो का, घराण्यात कुणी वेडं होतं का? वस्तीने इतक्या हौसेने उत्तरं दिली की तीच बिथरली. त्याची आई साळूबाई म्हणाली, पोरगं शांत झोपतं, घोरत नाही; आणि न विचारता विहिरीला पाणी किती तेही सांगून टाकलं. मनाच्या अभ्यासात विहीर कुठून आली, हे संस्कृतीला कळेना.

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ मचाणावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भांग पाडून, मूग गिळून बसलेला. पोपट निवांत जेवत होते.

"ओरडा ना," ती चिडून म्हणाली. हा असा शहाण्यासारखा बसला तर अभ्यास कशाचा करायचा?

"लोकं बगत्यात," तो लाजला.

खुलासा मावशीने केला, हातातलं लाटणं न ठेवता. "पोराची चौकशी घरची वडीलधारी मान्सं करत्यात गं. पोरीनं सोताच दारोदार फिरून 'दारू पितो का' इचारायचं? साळूबाईनं साखर वाटली वस्तीत. पाव्हणे कधी येनार म्हनतीया."

संस्कृती तशीच बागेत धावली आणि धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली. चौकशी लग्नाची नव्हती, कॉलेजची होती.

"म्हंजी मी येडा हाय का, त्ये बगत हुता?"

"हो... म्हणजे, नाही आहात. नॉर्मल आहात."

"बरं झालं सांगितलं. आईला म्हनतो, साखर वाया गेली." इस्त्रीच्या बाह्या दुमडून, पाठ फिरवून तो मचाणावर चढला आणि डबा उचलला.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटेना. चिडून तिने कसोट्या स्वतःलाच लावून पाहिल्या. चारचौघींपेक्षा वेगळं वागणं — झालेलं, अख्खी वस्ती साक्षीला. त्रास — आत्ताच सुरू झालेला. कामाचा बट्ट्याबोळ. धोका — समोर, पाठमोरा उभा.

ती मचाणावर चढली, त्याच्या हातातला डबा ओढून घेतला आणि जोरात बडवला. "ऐका रे पोपटांनो," ती आभाळाकडे बघून ओरडली, "सांगा यांच्या आईला, साखर वाया गेलेली नाही."

पोपट उडाले. शेजारच्या कांद्यात खुरपणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

कानिफनाथच्या गालाला खळी पडली. "आन् अभ्यासाचं?"

"चारही कसोट्या लागू झालेली एक मुलगी सापडलीय."

"मंग आता चौकशी माझी. झोप कशी हाय तिची?"

"कालपर्यंत... बरी होती."

"घोरती का?"

संस्कृतीने डबा त्याच्या हातात ठेवला. "ते मावशीला विचारा. चौकशी वडीलधाऱ्यांकडे करतात."