तोंडलीचा वेल आणि अब्बाजींचा उजवा हात

आजार एकच, औषध एकच, डॉक्टरीणबाईही एकच. मग श्रीपतराव कंडक्टरांची बोटं हलायला लागली आणि अब्बाजींची का नाही, हे कोडं अकरा वर्षांच्या तरन्नुमला काही केल्या सुटेना.

गोष्ट पुढच्या काळातली आहे. तेव्हा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत औषधाच्या पेट्या उडत दारापर्यंत यायच्या, पण सतार मात्र हातानंच घडायची. तरन्नुमचे आजोबा, म्हणजे अब्बाजी, जवारी काढण्यात वस्ताद. सतारीच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिच्यावर कानस हलकेच फिरवायची, तार छेडून ऐकायचं, पुन्हा फिरवायची. जमलं तर तार गाते, नाही तर नुसती खडखडते. घरात हे काम येणारे एकटे अब्बाजीच उरले होते, आणि त्यांचाच उजवा हात पक्षाघातानं (लकव्यानं) लुळा पडला. एक नवी सतार भिंतीला टेकून तशीच मुकी उभी होती.

डॉक्टर मगदूमबाईंनी ‘अंकुरक’ नावाचं नवं औषध टोचलं होतं आणि बजावलं होतं, “याचा जोर सहाच आठवडे.” त्यातले तीन संपत आले होते.

त्या दिवशी श्रीपतराव भेटायला आले. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. अम्मी अब्बाजींना वरणभात भरवत होती.

“काय उस्ताद, अजून सूनबाईच्या हातचाच घास?”

“डावा हात ताटाला लावत नाहीत ते,” अम्मी म्हणाली. “मग भरवायला नको?”

“नशीबवान आहात. माझ्या घरी भरवायला मांजरसुद्धा नाही.” श्रीपतरावांनी थरथरत्या उजव्या हातानं कप उचलला. निम्मा चहा बशीत, थोडा धोतरावर, उरलेला पोटात.

त्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर आकडा होता, पाचशे बारा.

“हे काय, काका?” तरन्नुमनं विचारलं.

“दिवसभरात हा हात किती वेळा हलला ते.”

ते गेल्यावर तिनं अब्बाजींची पट्टी पाहिली. आकडा होता नऊ.

ती तडक कोपऱ्यात गेली. तिथं विणलेल्या रुमालाखाली, डोक्यावर फुलदाणी घेऊन, ‘खटपट्या’ उभा होता. हा सराव करून घेणारा यंत्रमानव औषधाबरोबरच घरी आला होता. पण तो सारखा “हात उचला, हात उचला” म्हणायचा. म्हाताऱ्या माणसाला छळतोय मेला, म्हणून अम्मीनं दुसऱ्याच दिवशी त्याला बंद केलं होतं.

तरन्नुमनं रुमाल काढून कळ दाबली.

“मी जरा वेळ झोपलो होतो का?” खटपट्यानं विचारलं.

“एकोणीस दिवस! आता सांग, औषध घेऊनही अब्बाजींचा हात का हलत नाही?”

“त्यांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली. हाताला निरोप धाडणाऱ्या तिथल्या चेतापेशी (निरोप पोचवणाऱ्या पेशी) मेल्या. त्या परत येत नाहीत. पण शेजारच्या जिवंत पेशींना नवे कोंब फुटू शकतात. अंकुरक ते कोंब वाढवतं.”

“मग फुटले नाहीत?”

“फुटले असतील. पण जायचं कुठं, हे त्यांना कुणी सांगितलं?”

तरन्नुम दारात येऊन बसली. परसात तोंडलीचे दोन वेल होते. एक अब्बाजींनी सतारीच्या जुन्या तारांवर चढवलेला, तोंडल्यांनी लगडलेला. दुसरा त्यांच्या आजारपणात तिनं लावलेला. खत दोन्हींना सारखंच. पण हा दुसरा मोरीच्या दगडावर पसरून स्वतःतच गुरफटला होता. पानं मोप, तोंडलं एक नाही.

“खटपट्या!” ती ओरडली. “खत जोर देतं, पण वाट तार दाखवते!”

“अगदी बरोबर. हात हलवायचा प्रयत्न केला, की त्या वाटेवरचे कोंब कामाला लागतात आणि टिकतात. बिनकामाचे गळतात. या सरावाला पुनर्वसन (गेलेली हालचाल पुन्हा शिकणं) म्हणतात.”

“मग नुसता सराव केला तर? औषधच नाही घेतलं तर?”

“वेल चढेल, पण सावकाश. दोन्ही एकाच वेळी हवेत.”

“आणि गेलेले तीन आठवडे?”

“गेले ते गेले. तीन आहेत ना!”

रात्रीच्या जेवणाला तरन्नुमनं ताट अब्बाजींपुढं ठेवलं आणि अम्मीचा हात धरला. अब्बाजींनी उजवा हात कसाबसा ताटात ढकलला. भात मांडीवर सांडला.

“उपाशी मारता काय मला?” ते गरजले. अम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कंडक्टरकाकांचा आकडा पाचशे बारा आहे,” तरन्नुम हळूच म्हणाली. “तुमचा नऊ.”

अब्बाजी पुटपुटले, “तिकिटं फाडणारा माणूस माझ्या पुढं?” आणि त्यांनी पुन्हा ताटात हात घातला.

मग रोज सकाळी खटपट्याचा सराव, दुपारी वेलावरची तोंडली खुडणं, संध्याकाळी तारा गुंडाळणं. आधी नुसता अंगठा हलला, मग चिमूट मिटायला लागली. आकडा दोनशेवर गेला, चारशेवर गेला. तरन्नुमनं दुसरा वेलही तारांवर चढवला.

सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी अब्बाजींनी ती मुकी सतार मागवली. घोडीवर कानस टेकवली. हात थरथरला, थांबला, मग एकदा हलकेच पुढं गेला. त्यांनी तार छेडली.

तार खडखडली. अम्मीनं मान खाली घातली. अब्बाजींनी पुन्हा कानस फिरवली, पुन्हा ऐकलं. सातव्या खेपेला तारेतून लांब, गोड, मधमाशीसारखा गुंजणारा सूर निघाला आणि खोलीभर रेंगाळला.

“ही हालचाल माझ्या यादीत नाही,” खटपट्या म्हणाला. “काय लिहू?”

“जवारी लिही,” अब्बाजी म्हणाले. “अजून कच्ची आहे, उद्या पुन्हा काढीन. औषध संपलं तरी सराव संपत नाही. आणि त्या कंडक्टरला विचार, ही येते का म्हणावं!”

मग त्यांनी दुसरी कानस उचलून तरन्नुमपुढं धरली. “तुझ्या मेंदूला तर कोंब आपोआपच फुटतायत. बस इथं.”